देवी येते, त्याचं काय लिहायचं?

माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला नियम सांगते तो एवढाच : पेशंट जे बोलला ते त्याच्या शब्दांत लिहा. 'श्रवणभ्रम आढळले' असं नाही, 'भिंतीतून मामा शिव्या देते' असं. त्याखाली जे येईल, निदान, प्रतवारी, आकडे, ते आपलं. वरची ओळ त्याची. हा नियम पहिल्या फटक्यात कुणालाच पाळता येत नाही, कारण कॉलेजात नेमकं उलटं अंगवळणी पडलेलं असतं. पेशंट 'जीव घाबरा होते' म्हणाला की त्याचं वाक्य संपायच्या आत मोठा शब्द लिहून मोकळा होणारा विद्यार्थी हुशार समजला जातो. हृदयाच्या, पोटाच्या बाबतीत ते खपून जातं. 'माझ्या अंगात देवी येते' या वाक्याच्या बाबतीत खपत नाही.

मी मूळची अकोटची. विदर्भातल्या मेडिकल कॉलेजांत मानसोपचार शिकवला, आता अकोल्याला प्रॅक्टिस करते आणि आठवड्यातून एकदा अकोटला वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत बसते. तिथं आईच्या वेळची अकोटचीच सतरंजी अंथरलेली असते. नातेवाईक खुर्च्या सोडून तिच्यावरच ऐसपैस बसतात आणि अर्धा इतिहास तिथंच कळतो. गावातली, हिवरखेड-मुंडगावकडची, एमबीबीएसला गेलेली पोरं सुटीत घरी आली की माझ्याकडं येऊन बसतात. 'हे पोट्टे शिकून रायले, बसू देऊ का?' असं मी प्रत्येक पेशंटला विचारते. 'बसू द्या ना जी' असंच बहुतेक जण म्हणतात. एखादा नाही म्हणाला की पोरं उठून ओसरीवर जातात. हेही शिक्षणच.

एमबीबीएसच्या अख्ख्या अभ्यासक्रमात माझ्या पिढीला मानसोपचाराचे दोन आठवडे मिळाले. स्वतंत्र पेपर नव्हता, मेडिसिनच्या पेपरात एखादा प्रश्न असायचा, आणि तो सोडला तरी पास होता यायचं. 2019 पासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात वागणूक, नीती आणि संवाद यांचे वेगळे तास आले. 2021 च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे केले. सुधारणा आहे, नाही असं नाही. पण त्या दोन आठवड्यांत पोरांच्या हातात मनाच्या तपासणीचा जो छापील कागद दिला जातो, तो मात्र जुनाच आहे आणि तो कुठल्या गावात बसून लिहिला असावा याचा मला अनेकदा प्रश्न पडतो. निर्णयशक्ती तपासायला विचारायचं, 'रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल?' आमच्या भागातला शेतकरी म्हणतो, 'कोनाचं आहे ते पाहीन, फोन करीन.' पत्र टाकायची पेटी त्यानं कित्येक वर्षांत पाहिलेली नसते. पोरगं कागदावर लिहितं : निर्णयशक्ती क्षीण. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं की वेचणीला जाणारी बाई त्र्याण्णवला अडकते. तिलाच विचारा की सकाळपासून किती किलो कापूस वेचला, उचल किती घेतली होती आणि मुकादमाकडून हातात किती यायला पाहिजे, ती रुपयाचीही चूक करत नाही.

याच कागदावर, विचार या रकान्याखाली, भ्रम आहेत का असं छापलेलं असतं. होय किंवा नाही.

पायथ्याकडच्या, पोपटखेडच्या बाजूच्या एका गावातली चाळिशीची बाई आली होती. ओळख लागू नये म्हणून इथं मी सगळ्यांचेच तपशील बदललेत. मुलगा घेऊन आला होता. झोप नाही, छातीत धडधड, निंदायला गेली की मधेच बांधावर बसून राहते, बचत गटाच्या बैठकीला जात नाही. पोरांपैकी एक दर्यापूरकडचा, बोलका, त्याला मी म्हटलं तू विचार. त्यानं नीट विचारलं. मग नेहमीच्या यादीतला प्रश्न आला : कधी असं वाटतं का, की दुसरं कोणी आपल्यावर ताबा घेतंय?

'देवी येते ना,' ती म्हणाली. इतकं साधं, की जणू त्यानं घरात गाय आहे का असं विचारलं होतं.

'कोणती?'

'माहूरची.'

'केव्हा?'

'मंगळवारी. शुक्रवारी. नवरात्रात रोज येते.'

'आल्यावर काय होते?'

'मले काय मालूम? हे सांगतात,' ती मुलाकडं हात करून म्हणाली. मुलानं मान हलवली. गावात पंधरा-वीस वर्षांपासून तिच्या अंगात येतं, लोक प्रश्न विचारायला येतात, ती लिंबू देते, पैसे घेत नाही. या सगळ्याबद्दल तिची तक्रार नव्हती आणि मुलाचीही नव्हती. तक्रार झोपेची होती. आठ महिन्यांपूर्वी धाकट्या दिराने विष घेतलं होतं. अकोल्याला नेईपर्यंत गेला. तेव्हापासून हे सुरू.

पोरानं सगळं लिहिलं, त्याच्या शब्दांत नाही, तिच्या शब्दांत लिहिलं, शाबास. आणि रकान्यापाशी येऊन पेन थांबलं. बाई बाहेर गेल्यावर त्यानं विचारलं, 'मॅडम, देवी येते, त्याचं काय लिहायचं? होय का नाही?'

त्याला पुस्तकातलं उत्तर ठाऊक होतं. भ्रमाची जी व्याख्या जगभर शिकवली जाते तिला एक शेपूट आहे : ती समजूत त्या माणसाच्या समाजात, संस्कृतीत सर्वसाधारणपणे मान्य असेल तर तिला भ्रम म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातही संचाराचा विकार वेगळा नोंदवला आहे, पण तो धर्माच्या, रूढीच्या रीतीत बसणारा असेल आणि त्रास देत नसेल तर त्याला विकार म्हणायचं नाही असं तिथंच लिहून ठेवलंय. म्हणजे बाईला भ्रम नाही. उदासीनता आहे, शोक आहे, तिला गोळ्या आणि बोलणं दोन्हींची गरज आहे. देवीचा रकाना : नाही.

पोराचं समाधान झालं नाही, आणि मला ते आवडलं. तो म्हणाला, 'म्हणजे अख्ख्या गावानं मानलं तर देवी, आणि एकट्यानं मानलं तर आजार? मग खरं-खोटं मतदानानं ठरते का?'

हा प्रश्न खरं म्हणजे मानसोपचाराचा नाही, धर्माचा आहे, आणि धर्माला तो फार अडचणीचा आहे. कारण कोणतीही श्रद्धा सुरुवातीला एकट्याचीच असते. 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात एक माणूस उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होता. जवळपास उघडा, कुणाशी न बोलणारा, कुठून आला ते न सांगणारा. बंकटलाल अगरवाल तिथं थबकले नसते तर गावाच्या लेखी तो एक पिसा होता, गजानन महाराज नव्हे. त्या दिवशी मतदान घेतलं असतं तर निकाल काय लागला असता?

शेगावच्याही सहाशे वर्षं आधीचं उदाहरण आमच्या घरातलं आहे. माझी आजी, आईची आई, मोर्शीकडची, महानुभाव. रिद्धपूरला जायची. रिद्धपूरचे गोविंदप्रभू, चक्रधरांचे गुरू, पंचकृष्णांपैकी एक. म्हणजे पंथाच्या श्रद्धेनुसार साक्षात परमेश्वर. आणि म्हाइंभटांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र उघडून पाहा. कुणाच्याही घरात शिरायचं, समोर असेल ते खायचं, लेकरांशी खेळायचं, रागवायचं, आपल्याशीच बोलायचं, सोवळ्याओवळ्याची पर्वा नाही. गाव त्यांना वेडंही म्हणायचं आणि आई-बापही म्हणायचं. चरित्रकार यातलं काही झाकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवतो आणि पुढं जातो. तेराव्या शतकातला हा भक्त आमच्या आजच्या केसपेपरपेक्षा धीट आहे असं मला वाटतं. होय-नाहीचा रकानाच त्यानं काढला नाही.

(त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. तिथल्या पोरांनी तरी हे चरित्र वाचावं, परीक्षेला असो नसो.)

पण आजीचं सांगायचं कारण वेगळं. शेजारी कुणाच्या अंगात आलं, घुमणं सुरू झालं, की आम्ही पोरी धावत बघायला जायचो. आजी जागची हलायची नाही. देवीच्या प्रसादाला हात लावायची नाही. मी एकदा तिला विचारलं होतं, ते खोटं असते का गं? ती म्हणाली, 'असंन ना देवता. तिचं आपल्याले काय?' मोठी होईपर्यंत मला ते नुसतं फटकळ उत्तर वाटायचं. नंतर कळलं की त्यामागं अख्खं शास्त्र उभं आहे. महानुभावांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांपासून वेगळे. देवता आहेत, त्यांना सामर्थ्यही आहे, पण त्या जिवाला मोक्ष देऊ शकत नाहीत. तेव्हा देवी खरंच आली की नाही हा आजीपुढचा प्रश्नच नव्हता. आली असेल. आली तरी तिचं मोल किती, हा प्रश्न होता.

ओपीडीत बसून मी जे करते ते या उत्तराच्या फार जवळ जातं. पुस्तकांत मला याला आधारही सापडला. कार्ल यास्पर्स हा जर्मन मानसोपचारतज्ज्ञ, पुढं तत्त्वज्ञ झाला. 1913 साली त्यानं मनोविकारशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि भ्रम म्हणजे नुसती चुकीची समजूत नव्हे, हे त्यानं फोड करून सांगितलं. बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याचं उदाहरण घ्या. उद्या तिचं खरोखर बाहेर काही आहे असं निघालं, तरी त्याचा भ्रम भ्रमच राहू शकतो. कारण तो त्या निष्कर्षाला पोचला तो दाराच्या कडीचा आवाज ऐकून, भाजीतल्या मिठावरून. गोष्ट खरी निघाली म्हणून तिथं पोचण्याची वाट शहाणी ठरत नाही. म्हणून आम्ही समजूत तपासत नाही, ती माणसाला कशी धरून आहे ते तपासतो. तिला कधी सुटी असते का? तिच्याबद्दल थट्टा चालते का? तिच्यात दुसऱ्या माणसाला जागा उरते का? माहूरची देवी मंगळवारी येते आणि बुधवारी सकाळी बाई बकऱ्यांना चारा टाकते. देवी तिला तिचे बाकीचे दिवस परत देते. दिराचं मरण देत नाही.

दर्यापूरचा पोरगा म्हणाला, 'हे म्हणजे हात झटकणं झालं, मॅडम.' थोडंफार आहेच. त्यानं पुढं जे विचारलं ते तर अचूक वर्मावर बसणारं होतं. एखाद्याला महाराज बोलताना ऐकू येतात, आपण त्याला रिस्पेरिडोन देतो, तीन आठवड्यांत महाराज बोलायचे थांबतात. 'चार मिलिग्रॅमनं जाणारे महाराज कसले, मॅडम? गोळी दिली तेव्हाच आपण सांगून टाकलं ना, की ते महाराज नव्हते?'

नाही सांगितलं. विल्यम जेम्सनं 1902 च्या त्याच्या धर्मानुभवावरच्या पुस्तकात असल्या युक्तिवादाला वैद्यकीय जडवाद म्हटलं होतं आणि त्याची मजेत उलटतपासणी केली होती. संत पॉलला दमास्कसच्या रस्त्यावर जे दिसलं ते फेफरं होतं म्हणून निकालात काढायचं असेल, तर नास्तिकाची नास्तिकताही त्याच्या यकृतातून येते असं म्हणायला काय हरकत आहे? प्रत्येक विचाराला मेंदू लागतो, खऱ्या आणि खोट्याही. गोळीनं आवाज बंद झाला यावरून आवाज मेंदूच्या वाटेनं येत होता एवढं कळतं. तो मेंदूतच जन्मला, हे त्यातून आपोआप निघत नाही. आणि गंमत म्हणजे आमच्याकडं चरक हे दुसऱ्या टोकाकडून सांगून गेलाय. उन्मादाचे पाच प्रकार सांगताना पाचवा आगंतू, देव-गंधर्व-पिशाचांमुळं होणारा, तो मान्य करतो. आणि तरीही बजावतो की जो स्वतःच्या कर्मानं पीडित नाही त्याला देव, गंधर्व, राक्षस कुणीही पीडा देत नाहीत, तेव्हा दोष त्यांच्यावर ढकलू नका. देवांचं अस्तित्व राहू दिलं आणि खटल्यातून त्यांची नावं वगळली.

तेव्हा एवढं सगळं सांगून मी पोरांना म्हणते की देव आहे की नाही याचा निकाल लावायची नेमणूक आपल्याला कुणी दिलेली नाही. 'आहे' म्हणून लावायचीही नाही आणि 'नाही' म्हणूनही नाही. दोन्ही प्रकारचे डॉक्टर मी पाहिलेत. पेशंटला 'हे सगळं थोतांड आहे' असं सुनावणारा, ज्याच्याकडं ती बाई पुन्हा कधी जात नाही. आणि भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून 'यांच्यावर सोडा' म्हणणारा, ज्याच्याकडं ती औषध न घेता जात राहते.

इथवर ठीक. पण गावाला काय कळतं आणि काय कळत नाही, हा भाग राहिलाच, आणि पोरांना शिकवताना मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एक मुलगा होता, बावीस-तेवीसचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातून परत आलेला. पहाटे उठून पोथी वाचायचा. घरच्यांना बरं वाटलं, मोबाइल सुटला म्हणून. मग रात्रीही वाचू लागला. मग महाराज स्वतः बोलू लागले, पोथीत नाही ते सांगू लागले. मग त्यांनी त्याला जेवू नको म्हणून सांगितलं. बापानं आल्यागेल्याला सांगितलं की पोरगं वेगळ्या मार्गाला लागलंय, आणि दोन-चार जण त्याच्या पाया पडूनही गेले. घर सोडून निघण्याचं वय आणि स्किझोफ्रेनिया सुरू होण्याचं वय एकच आहे, विशीच्या आसपास. आमच्यासारख्या संतांच्या मुलखात हा मोठाच घोटाळा आहे. 'हा महाराज होऊन रायला' या समजुतीत वर्ष-दीड वर्ष निघून जातं, आणि उपचाराविना गेलेला काळ पुढं महागात पडतो, हे पोरांना आकड्यांनी नाही तर माणसं दाखवून शिकवावं लागतं.

त्याला माझ्यापर्यंत पोचवलं ते कोणी? शेजारच्या म्हातारीनं. तिची उभ्या आयुष्यात पारायणं किती झाली असतील देव जाणे, एकवीसच्या एकवीस अध्याय तोंडपाठ. ती माझ्या सतरंजीवर बसून म्हणाली, 'मॅडम, हे महाराजाचं नाही. ज्यानं पत्रावळीवरचं शीत वाया नाही जाऊ देल्लं, तो या लेकराले उपाशी राह्य म्हनन का?'

माझ्यासमोर तीन होऊ घातलेले डॉक्टर बसले होते. मी म्हटलं, लिहा, हे शब्दशः लिहा. ही तपासणी आहे. पुस्तक म्हणतं की समजूत समाजाला मान्य आहे का ते पाहा, पण समाज म्हणजे हात वर करणारी गर्दी नव्हे. ज्यांनी ती श्रद्धा आयुष्यभर वापरली, त्यांना तिचा नाद ओळखू येतो. काय तिच्यातलं आणि काय तिच्यात न बसणारं, ते त्यांना आपल्याआधी कळतं. बापाला कळलं नव्हतं, पाया पडणाऱ्यांना कळलं नव्हतं. म्हातारीला कळलं, आणि ते महाराजांवर विश्वास नव्हता म्हणून नाही, होता म्हणून. मी महाराजांना मानत असते-नसते तरी हे निदान इतक्या लवकर माझ्या हाती लागलं नसतं.

आणि याच गावांना कळत नाही तेव्हा किती कळत नाही, तेही पोरांनी पाहिलेलं बरं. एका गोठ्यात निंबाच्या बुंध्याला बांधलेला माणूस मी पाहिलाय; पायात बैलाची साखळी, घोट्याभोवती कातडी काळी पडलेली, शेजारी स्टीलचा पेला. घरचे दुष्ट नव्हते. तो दोनदा सातपुड्यात निघून गेला होता, म्हातारी आई धावणार किती? सैलानीला नेऊन झालं होतं, होळीच्या यात्रेत नारळ टाकून झाले होते. गाव म्हणत होतं, बाहेरचं आहे. सगळ्यांना मान्य होतं. दुसऱ्या एका गावात एका विधवेच्या नावावर करणीचा आळ होता, तोही सगळ्यांना मान्य होता, आणि ती झोप येत नाही म्हणून माझ्याकडं आली होती. कोणत्या गोळीनं झोप येईल अशा घरात?

इथं गावाचं मत विचारायचं नाही. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 ला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले 28 मनोरुग्ण मेले. त्यांना तिथं आणून सोडणारेही श्रद्धाळूच होते. आपल्याकडं 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा झाला तो दाभोलकरांचा खून झाल्यावर. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, कलम 95, मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडानं बांधायला मनाई केली. कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही देवाच्या दारात. त्याच कायद्याचं कलम 3 मी पोरांना मोठ्यानं वाचायला लावते. त्यात म्हटलंय की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचं जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आता हे आणि भ्रमाच्या व्याख्येचं शेपूट शेजारी ठेवून बघा. गावाशी जुळलं तर माणूस सुटू शकतो. गावाशी जुळलं नाही म्हणून तो अडकू शकत नाही. गावाची साक्ष घ्यायची ती फक्त बचावासाठी, फिर्यादीसाठी नाही. दर्यापूरच्या पोराच्या मतदानाच्या शंकेला मला यापेक्षा चांगलं उत्तर अजून सापडलेलं नाही. गोविंदप्रभू या कायद्याखाली निर्धास्त हिंडले असते. साखळीतल्या माणसाची मात्र सुटका करावी लागते, गाव कितीही एकमुखानं बोललं तरी.

पोरांना या टप्प्यावर हटकून एक चाळा सुचतो : मग संतांचं निदान काय? माधानचे गुलाबराव महाराज, अंध, अवघ्या चौतीस वर्षांचं आयुष्य, ढीगभर ग्रंथ. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानायचे, मंगळसूत्र घालायचे. गाडगेबाबा, अंगावर चिंध्या, हातात मडक्याचा तुकडा, घर सोडून गेलेले. 'मॅडम, यांना ओपीडीत आणलं असतं तर?' मी हा खेळ खेळू देत नाही. आणलं कुणी? तक्रार काय? पेशंट नाही, विचारणारा नाही, त्रास होणारा नाही. मेलेल्याची संमती घेता येत नाही, आणि निदान हे कुतूहलाचं साधन नव्हे. गाडगेबाबांनी तर रात्र-रात्र कीर्तनं करून नवससायास, अंगारे, बकऱ्याचे बळी यांवर जेवढे घाव घातले तेवढे आमच्या सगळ्या मानसोपचारतज्ज्ञांनी मिळून घातले नसतील, आणि तेही देवाचं नाव घेत.

खरं सांगायचं तर देवीच्या प्रश्नावर एवढा खल आम्हा शिकलेल्यांनाच लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकरवी नैराश्य हुडकायचं, बोलायचं, गरज लागली तर डॉक्टरपर्यंत न्यायचं. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले : नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. त्यासाठी कुणाला आधी देवी सोडावी लागली नाही. दार उघडं दिसलं, लोक आत आले.

पोपटखेडकडची बाई दुसऱ्या खेपेला आली तेव्हा झोप थोडी लागत होती. उठताना ती दाराशी थांबली. 'मॅडम, या गोळीनं देवी तं नाही ना जानार?' पोरगा माझ्याकडं बघत राहिला, आता मॅडम काय म्हणतात. मी म्हटलं, गोळी झोपेवर आणि उदासीवर आहे, देवीचं तुमचं तुम्ही बघा, मात्र नवरात्रात उपास धरलात तरी गोळी चुकवायची नाही. 'फराळासंगं घेतली तं चालते का?' चालते, म्हटलं. संपलं. तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा प्रश्न साबुदाण्याच्या खिचडीपाशी मिटला आणि ती निघून गेली.

इंजिनिअरिंगवाल्याचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. तो आता बरा आहे, जेवतो, मामाच्या कृषी केंद्रात बसतो, पोथी फक्त गुरुवारी वाचतो. मनाच्या तपासणीच्या कागदावर शेवटचा रकाना असतो, रुग्णाला आपल्या आजाराची जाण किती याचा. सहा पायऱ्या. पहिली, आजारच नाकबूल. तिसरी, आजार कबूल पण दोष बाहेरच्या कशाला तरी. चौथी, आपल्याच आत काहीतरी आहे, पण काय ते कळत नाही. सहावी, खरी, आतून आलेली जाण. पोरांना म्हटलं, विचारा आणि पायरी ठरवा. दर्यापूरच्यानं विचारलं, तेव्हा जे बोलायचे ते कोण होते, काय वाटतं आता?

तो थोडा वेळ बोटं मोजल्यासारखी करत राहिला. मग म्हणाला, 'ते महाराज नव्हते, हे नक्की. महाराज असे बोलतच नाहीत. तो आजार होता, गोळीनं गेला, मी गोळी बंद नाही करनार. पण कोनीतरी होतं.'

तो गेल्यावर खोलीत वाद झाला. एक पोरगी म्हणाली, पाच, कारण आजार म्हणतो आणि गोळी घेतो. दुसरा म्हणाला, तीन, 'कोनीतरी' म्हणजे बाहेरचंच आलं की. दर्यापूरचा म्हणाला, पहिल्या तिन्ही वाक्यांना सहा आणि चौथ्याला एक. मी म्हटलं, वाक्य जसंच्या तसं लिहा आणि पायरी मोकळी सोडा.

'लॉगबुकात आकडा लागतो, मॅडम,' पोरगी म्हणाली. 'रिकामं ठेवलं तर सही नाही करत.'

मग चार लिही, म्हटलं, आणि वाक्य खाली लिही. जागा पुरली नाही तर मागच्या पानावर.